दारातली सायकल रस्त्यावर आणायची तर

वस्तीत सायकली नाहीत असं नाही. या पानासाठी आम्ही वस्त्यांमधून फिरतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक गल्लीत चार-दोन सायकली दिसतात. पण दिसतात कुठे? दाराशेजारी, गटाराच्या कठड्याला टेकवलेल्या. हँडलवर ओला टॉवेल, कॅरिअरला रिकामा कॅन, चेन गंजून तांबडी झालेली. एखादी तर मुलीला शाळेतर्फे मिळालेली, नवीकोरी, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली. "चालवत का नाहीस गं?" म्हणून विचारलं की मुलगी आईकडे बघते, आणि आई रस्त्याकडे बोट दाखवते.

आईचं बोट बरोबर जागी आहे. आरोग्याच्या पानावर आम्ही नेहमी सांगतो की हातपाय हलवा, साखर आटोक्यात राहील, रक्तदाब उतरेल. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि शाळकरी मुलांनी रोज तासभर अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीत जिमचे पैसे कोणाकडे आहेत? मैदानही बहुतेक ठिकाणी नाही. सायकल हा आपल्या ऐपतीतला एकमेव व्यायाम, आणि तो करता करता माणूस कामावरही पोचतो. पण रस्त्याची भीती वाटत असताना "सायकल चालवा" असं नुसतं सांगणं म्हणजे नळाला पाणी नसताना हात धुवायला सांगण्यासारखं आहे. म्हणून या वेळी व्यायामाचे फायदे बाजूला ठेवून आपण रस्त्याबद्दलच बोलू.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या दर १०० घरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल होती आणि २१ घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर. त्यानंतर दुचाकी किती वाढल्या, ते आपल्याच गल्लीत उभं राहून मोजता येईल. सायकल मात्र आजही वॉचमनची आहे, पहाटे झाडलोटीला निघणाऱ्या कामगाराची आहे, दूध आणि पेपर टाकणाऱ्या पोराची आहे. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे वाचवणाऱ्या बाईची ती होऊ शकते. मुलींच्या बाबतीत तर फरक फार मोठा पडतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. अभ्यासकांनी नंतर तपासलं, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकली मिळतात. त्या दारात उभ्या राहिल्या, तर नुकसान फक्त व्यायामाचं नाही, शिक्षणाचंही आहे.

आता भीतीचं कारण. गर्दी हे कारण नाही. गर्दीत सायकल रखडते, पण माणूस मरत नाही. मारतो तो वेग. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि सरकारी अहवालानुसार त्यातले दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत. जगात ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात आहे. म्हणजे मलेरिया, क्षय यांच्याबद्दल आपण जेवढ्या गांभीर्याने बोलतो, तेवढ्याच गांभीर्याने या पानावर वेगाबद्दल बोललं पाहिजे.

वेग डोळ्यांना कळत नाही, म्हणून एक हिशेब देतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंचीवरून पडणं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडल्यासारखं. हाडं मोडतील, पण वाचण्याची शक्यता मोठी. ताशी ५० ची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. वेग २० ने वाढला, पण धडकेचा जोर पावणेतीन पट झाला. आणि ब्रेक? चालवणाऱ्याला समोरचं पोर दिसून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो असं धरा. तेवढ्यात ३० च्या वेगाने गाडी २७ फूट पुढे गेलेली असते आणि ५० च्या वेगाने ४६ फूट. आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत मोजलं तर जवळपास चार खोल्या ओलांडून झाल्यावर ब्रेक लागायला सुरुवात होते. वस्तीत दाराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत चार खोल्यांचं अंतर कुठे असतं? उंबरा संपला की रस्ताच.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीत दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ६० आहे. राज्य सरकार किंवा स्थानिक यंत्रणा ती कमी करू शकते, पण तशी पाटी लागेपर्यंत अंगणवाडीसमोरच्या रस्त्यावरही कागदावर ६० चालतात. २०२० साली स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांनी जाहीरनामा केला, की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथे वेग ३० वर आणावा. जाहीरनामा चांगला आहे. तो आपल्या नाक्यापर्यंत आणायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागेल.

त्यासाठी सगळ्यात आधी मोजा. "गाड्या फार जोरात जातात" हे वाक्य वॉर्ड ऑफिसात रोज ऐकलं जातं आणि रोज विसरलं जातं. आकडा विसरणं कठीण असतं. मिस्त्रीच्या टेपने रस्त्याच्या कडेला २५ मीटर, म्हणजे ८२ फूट मोजा. दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. पहिल्या रेघेवर एक जण उभा राहून हात खाली करेल, दुसऱ्या रेघेवरचा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेईल, आणि तिसरा ओट्यावर बसून वहीत लिहील. गाडीला ३ सेकंद लागले तर वेग ताशी ३०. २ सेकंद लागले तर ४५. दीड सेकंदात गेली तर ६०. त्रैराशिक शिकलेली सातवी-आठवीची मुलं हे हसत करतात, फक्त सोबत एक मोठं माणूस हवं आणि कोणीही रस्त्यात उतरायचं नाही. पन्नास गाड्या झाल्या की एक पान भरतं. गाडीचा नंबर लिहू नका. दुचाकी, रिक्षा, टेम्पो, टँकर एवढीच नोंद पुरे. आपल्याला भांडण करायचं नाही, रस्ता समजून घ्यायचा आहे.

मोजणी सकाळी शाळेच्या वेळी करा, संध्याकाळी करा आणि दुपारीही करा. दुपारची नोंद डोळे उघडणारी असते. गर्दीच्या वेळी सगळेच हळू जातात. रस्ता मोकळा असतो तेव्हा, म्हणजे शाळा सुटून पोरं एकेकटी परत येतात तेव्हा गाड्या सुसाट असतात. आणि लोक नाव टँकरचं घेतात, पण वहीत सगळ्यात कमी सेकंद बहुतेक दुचाकीसमोर पडतात.

रस्ता शांत करण्याची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, "ते परदेशात ठीक आहे, तिथली माणसंच शिस्तीची." म्हणून नेदरलँडची हकिकत सांगायला हवी. आज तो देश सायकलींचा म्हणून ओळखला जातो, पण तो तसा आयता नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मोटारी भराभर वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले, सायकली मागे हटल्या. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी अशीच गेली. त्यांनी लेख लिहिला, आणि त्यातून १९७२ मध्ये 'बालहत्या थांबवा' असं रोखठोक नाव घेतलेली चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले. 'अपघात' हा शब्दच त्यांनी नाकारला. रस्ता असा बांधला की मुलं मरणारच, तर त्याला अपघात का म्हणायचं?

त्याच सुमाराला ॲमस्टरडॅमच्या 'द पाइप' या दाट, कामगारवस्तीच्या भागातल्या मुलांनी आपली गल्ली खेळायला मोकळी करून मागितली. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारी, खेळायला तसूभर जागा नाही. वर्णन ओळखीचं वाटतं ना? मुलांनी सह्या गोळा केल्या आणि स्वतःच गल्लीच्या तोंडाशी अडथळे लावले. मोटारवाले उतरून ते ढकलायला लागले, हमरीतुमरी झाली. त्यावर १९७२ साली तिथल्या टीव्हीसाठी झालेला माहितीपट आजही पाहायला मिळतो. शिस्तीच्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसांचा त्यातला आरडाओरडा आपल्या नाक्यावरच्यापेक्षा वेगळा नाही.

डेल्फ्ट नावाच्या गावात त्याआधीच वेगळा प्रयोग सुरू झाला होता. राहत्या गल्लीतला सरळसोट रस्ता मोडून तो नागमोडी केला. कुठे झाड, कुठे बाक, कुठे गाडी लावायची जागा आलटून पालटून. चालकाला वेग घेताच येईना. अशा गल्लीला त्यांनी नाव दिलं त्याचा अर्थ होतो राहतं अंगण. १९७६ मध्ये ते कायद्यातही आलं. त्या गल्लीत चालणाऱ्याने पूर्ण रुंदी वापरावी, मुलांनी खेळावं आणि गाडीने माणसाच्या चालीनेच जावं, असा नियम.

हे वाचून आम्हांला आपल्याच जुन्या गल्ल्या आठवल्या. मातीचा रस्ता, मध्येच हातपंप, कडेला बाज, पाण्याचे ड्रम, पापड वाळत घातलेले. ते राहतं अंगणच होतं. मग सिमेंटचा रस्ता आला. तो हवाच होता, चिखलातून कोणी चालावं? पण रस्ता गुळगुळीत झाला त्या दिवसापासून वेग वाढला, आणि वेग वाढेल हे माहीत असूनही कंत्राटात तो रोखण्याची काहीच तरतूद नव्हती. सिमेंट राहू दे, अंगण परत आणायचं, एवढंच आपलं मागणं असायला हवं.

त्यात पहिली गोष्ट गतिरोधक. आणि इथे आम्हांला जरा कडक बोलायचं आहे. वस्तीत एखादं पोर धडकलं की त्याच रात्री पोरं खडी-सिमेंट आणून फूटभर रुंद, अर्धा फूट उंच उंचवटा घालतात. राग समजतो. पण तो गतिरोधक नव्हे. तो मोटारसायकलवाला सीटवरून उठून सहज उडवतो, आणि पडतो कोण? शॉकअब नसलेली सायकल. कंबरदुखीचा रुग्ण आणि दिवस भरलेली बाई रिक्षात कळवळते. शिवाय पावसात त्याच्यामागे पाणी तुंबून घरात शिरतं. भारतीय रस्ते काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: गाडी जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, कासवाच्या पाठीसारखा. म्हणजे बारा फुटांत चार इंच चढउतार. ताशी २५ च्या वेगाने त्यावरून कोणालाही त्रास न होता जाता येतं, त्याहून जोरात गेलं की दणका बसतो. पांढरे पट्टे हवेत, अलीकडे सूचनेची पाटी हवी, वर दिवा हवा, आणि कडेने पाणी वाहून जायला वाट हवी. असा गतिरोधक महापालिका किंवा ग्रामपंचायतच घालू शकते. स्वतः घातलेला बेकायदा असतो, आणि त्यावर कोणी पडलं तर जबाबदारी घालणाऱ्यावर येते.

दुसरी गोष्ट, रस्त्याचं तोंड. मोठ्या रस्त्यावरून वस्तीत वळताना जागा ऐसपैस असली की गाडी वेग न कमी करता वळते. ते वळण कुंड्या किंवा दगडी खांब लावून आवळलं की वळताना ब्रेक लावावाच लागतो. फक्त अॅम्ब्युलन्स आणि आगीचा बंब आत आला पाहिजे, हे अभियंत्याकडून मोजून घ्यावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि सगळ्यात अवघड. अनेक वस्त्यांचा मुख्य रस्ता हा बाहेरच्यांचा शॉर्टकट असतो. सिग्नल चुकवायला, टोकाचं यू-टर्न वाचवायला लोक आतून जातात. त्यांचं वस्तीत काहीच काम नसतं. युरोपात अशा रस्त्याच्या मधोमध खांब रोवतात. चालणारा आणि सायकल पार होते, मोटार परत फिरते. आपल्याकडे याचा अर्धाच उपयोग आहे, कारण जिथून सायकल जाते तिथून मोटारसायकलही जाते. म्हणून खांबांनी टेम्पो आणि कार थांबवाव्यात, आणि दुचाकीसाठी गतिरोधक व वळणं ठेवावीत. सरळ लांब पट्टा दिसला की दुचाकी पळते. लावलेल्या गाड्या निम्म्या अंतरापर्यंत डावीकडे आणि पुढे उजवीकडे लावायच्या, एवढं वस्तीने आपसात ठरवलं तरी पट्टा मोडतो. याला एक रुपयाही लागत नाही.

लहान दिसणारी पण सायकलवाल्याला थेट पाडणारी एक गोष्ट राहिलीच. गटारावरच्या लोखंडी जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असतील, तर सायकलचं चाक त्यांत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. गज आडवे हवेत. जाळी फिरवून बसवणं हे एका दुपारचं काम आहे. वर आलेलं किंवा खचलेलं चेंबरचं झाकण, वळणावर सांडलेली बारीक रेती, बंद पडलेला दिवा, हेही त्याच यादीत.

रस्ता काही वेळ पूर्ण बंद ठेवता येतो, हेही लक्षात घ्या. गुरुग्राममध्ये २०१३ पासून 'राहगिरी' चालली, मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवार सकाळी काही मोठे रस्ते सायकल आणि खेळासाठी मोकळे केले. आपल्याकडे लग्नाचा मांडव पडतो तेव्हा रस्ता बंद होतो, जयंतीला बंद होतो. मग रविवारी सकाळी सात ते नऊ पोरांसाठी का नाही? वाहतूक पोलिसांची परवानगी घ्यायची, दोन्ही टोकांना बाक आडवे लावून दोन-दोन माणसं बसवायची, रुग्णाची गाडी आली तर बाक उचलायचा. विहारात सूचना लावली की गल्ली आपोआप जमते. आणि त्या दोन तासांत फक्त मुलांनीच चालवावी असं नाही. ज्या बायकांना लहानपणी कोणी हँडल धरू दिलं नाही, त्यांनीही शिकावं. तीस-पस्तिशीत शिकणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. मागून सीट धरून पळणारा बहुधा त्यांचाच मुलगा असतो.

आता घरातलं बोलू. वहीत दीड सेकंद लिहिलेली दुचाकी नेहमी बाहेरच्याचीच असते का? नसते. त्यातला एक आपला पुतण्या असतो. तो डिलिव्हरीचं काम करतो, ऑर्डर वेळेत पोचली नाही तर त्याचं रेटिंग उतरतं. त्याला गुंड ठरवून काही होणार नाही. कंपनीचा दाब त्याच्या मानेवर आहे. पण गल्लीतले शेवटचे दोनशे फूट हळू आल्याने त्याचे दहा-पंधरा सेकंदच जातात, हा हिशेब त्याला वही दाखवून सांगता येतो. "दादा, तुझंच बघ, दीड सेकंद आलंय," असं शेजारच्या चिमुरडीने म्हटलं की तो खजील होऊन हसतो. काकाच्या शिव्यांपेक्षा याने जास्त काम होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्यांसाठी मात्र कायदा सौम्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वस्तीतल्या एका घराचं वर्ष बुडवायला एवढं पुरे.

सायकलचीही थोडी काळजी घ्या. दोन्ही ब्रेक लागतात का, मागे लाल चकती किंवा चमकणारी पट्टी आहे का, एवढं आधी बघा. पहाटे कामावर निघणाऱ्यांनी पुढे छोटा दिवा लावावाच. आणि अपघात झालाच तर जखमीची मान न हलवता १०८ ला फोन करा. मोटार वाहनाने धडक दिली असेल, तर २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेत नेमलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्यासाठी पोलिसांना ११२ वर कळवून नोंद करायला विसरू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हेही कायद्यात आहे. म्हणून बघत उभं राहू नका.

अर्ज कसा लिहायचा, तर थोडक्यात. शहरात प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना आणि एक प्रत वाहतूक शाखेला, गावात ग्रामपंचायतीला. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांना. मजकूर असा चालेल: "आमच्या वस्तीतील अमुक नाक्यापासून तमुक शाळेपर्यंतच्या रस्त्यावर आम्ही तीन दिवस वेग मोजला. पन्नासपैकी इतकी वाहने ताशी ३० पेक्षा जास्त वेगाने गेली. या रस्त्यावर अंगणवाडी, शाळा आणि सार्वजनिक नळ आहे. कृपया भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक, ताशी २० ची पाटी आणि गटारावरील जाळ्यांची दुरुस्ती करावी." सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स आणि सह्या, त्यात बायकांच्या सह्या भरपूर. अर्जावर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात विचारा की अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

आणि वस्ती सुधारणेच्या निधीतून तुमच्याकडे नवा सिमेंट रस्ता मंजूर होणार असेल, तर खडी पडायची वाट पाहू नका. अंदाजपत्रक बनत असतानाच अभियंत्याला गाठून गतिरोधक, आडवी जाळी आणि दिवे त्यातच धरायला लावा. रस्ता झाल्यावर तेच काम वेगळ्या निधीसाठी दोन-तीन वर्षं अडकतं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मार्चपर्यंत ठरून जातं, म्हणून मोजणीची वही दिवाळीच्या सुट्टीत भरली आणि अर्ज डिसेंबरच्या आत गेला तर बरं.